प्रकल्प नोंदी: व्रॉनगोख स्टेशन आणि पाण्याखाली गेलेली लाइन

२ मार्च २०२५, रविवार

आजपासून नोंदी लिहायला सुरुवात करतोय. गेली दोन-तीन वर्षं हे डोक्यात घोळतंय, आता नाही केलं तर राहूनच जाईल.

काय करायचंय ते आधी लिहून ठेवतो. उत्तर वेल्समधे बाला नावाचं एक छोटं गाव आहे, तिथून डोंगरातून ब्लायनाय फेस्टिनिओगला जाणारी एक एकेरी रेल्वे लाइन होती, साधारण २५ मैलांची. ती बंद झाली. त्या लाइनवर बालापासून अडीच-तीन मैलांवर व्रॉनगोख नावाचं स्टेशन होतं. ते स्टेशन, त्याच्या पुढची लाइन आणि त्या लाइनचं नंतर काय झालं हे सगळं एका मराठी नकाशावर आणायचं. जुनी लाइन, आजचे रस्ते, आजचं धरण, बाजूला थोड्या टिपा. एकच मोठा कागद, भिंतीला लावता येईल असा.

का, ते पण लिहितो. मी लिव्हरपूलच्या समोर नदीच्या अलीकडे बर्कनहेडला राहतो, इथे येऊन अकरा वर्षं झाली. आमच्या भागात नळाला येतं ते डी नदीचं पाणी. उन्हाळ्यात डी आटू नये म्हणून वर डोंगरातल्या लिन केलिन नावाच्या धरणातून पाणी सोडतात, ते ट्रवेरिन नदीतून डीमधे येतं, आणि चेस्टरजवळ उचलून शुद्ध करून इकडे पाठवतात. त्या धरणाखाली कापेल केलिन नावाचं गाव आहे आणि या लाइनचा एक तुकडा आहे. मी रोज सकाळी ज्या पाण्याचा चहा करतो त्याच्याबद्दल मला इतकी वर्षं काहीच माहिती नव्हतं, हे मला बरं वाटलं नाही.

८ मार्च, शनिवार

लाइनचा कच्चा इतिहास एका पानावर उतरवला.

१८७३ ला पार्लमेंटची परवानगी मिळाली, मागून ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा जोर होता. त्यांना ब्लायनायच्या पाटीदगडाच्या खाणींपर्यंत पोचायचं होतं, पाटीदगड म्हणजे ज्याची घरांची छपरं करतात तो स्लेट. बाला ते लान फेस्टिनिओग हा भाग १ नोव्हेंबर १८८२ ला सुरू झाला आणि व्रॉनगोख स्टेशन त्याच दिवसाचं. पुढे फेस्टिनिओग ते ब्लायनाय अशी एक छोटी अरुंद रुळांची लाइन १८६८ पासून होतीच, आपल्या माथेरानच्या गाडीएवढे अरुंद रूळ, दोन फुटांचे. ती यांनी घेतली, रुंद केली आणि सप्टेंबर १८८३ मधे बालाहून थेट ब्लायनायपर्यंत गाडी गेली. १९१० मधे सगळंच ग्रेट वेस्टर्नमधे विलीन झालं.

लाइन सरळ डोंगरात चढत जाते, सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून जवळपास १,२७८ फुटांवर. मधे कूम प्रसोर म्हणून खोरं आहे तिथे नऊ कमानींचा दगडी पूल आहे, तो अजून उभा आहे. वस्ती विरळ, मेंढ्या जास्त. प्रवासी फार कधीच नव्हते. माल होता: आरेनिगच्या खाणीचा ग्रॅनाइट, गुरं-मेंढ्या, आणि ट्राउसवनिधला लष्कराचा तोफांच्या सरावाचा कॅम्प होता त्यामुळे उन्हाळ्यात घोडे, तोफा, सैनिक यांच्या स्पेशल गाड्या.

९ मार्च, रविवार

बाबांना फोन केला. बाबा साताऱ्याकडच्या एका छोट्या स्टेशनवर मास्तर होते, मिरज-पुणे लाइन, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मी नुसतं म्हटलं की बाबा एका बंद पडलेल्या स्टेशनचा नकाशा करतोय, तर त्यांनी प्रश्नांची सरबत्तीच लावली. लाइन एकेरी का दुहेरी? चढ कुठल्या बाजूला? मालधक्का आहे का? केबिन आहे का? क्रॉसिंग कुठे होतं? पाणी कुठे भरायचं इंजिनात?

मी सांगितलं की एकेरी होती. मग ते टोकनबद्दल बोलत सुटले. त्यांच्याकडे गोळा असायचा, लोखंडी, चामड्याच्या पिशवीत घालून ती पिशवी वेताच्या कड्याला अडकवायची, आणि न थांबणारी गाडी असेल तर फलाटावर उभं राहून कडं वर धरायचं, इंजिनातला माणूस हात बाहेर काढून ते खांद्याशी अडकवून घेणार आणि आपलं कडं खाली टाकणार. दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्याला एका वेळी एकच गोळा बाहेर निघतो, दोन्हीकडची यंत्रं एकमेकांना जोडलेली असतात, हातात गोळा नसेल तर ड्रायव्हर पुढे जाऊच शकत नाही. मी म्हटलं बाबा ही पद्धत इकडचीच, इथूनच आपल्याकडे आली, या लाइनवर पण हेच तत्त्व होतं, फक्त गोळ्याच्या जागी स्टाफ किंवा चपटं टोकन. तर म्हणाले, "मग ते माझंच स्टेशन समज. विचार काय विचारायचं ते."

बरं वाटलं. एवढं बोलत नाहीत ते हल्ली.

१६ मार्च, रविवार

दोन संध्याकाळी वाया गेल्या, कारण लिहून ठेवतो म्हणजे दुसऱ्या कोणाच्या जाणार नाहीत.

स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने जुने नकाशे फुकट ऑनलाइन ठेवलेत, वेल्सचे सुद्धा, आणि ते आजच्या नकाशावर बरोबर बसवून ठेवलेत. १९०० च्या आसपासचा शीट उघडला आणि कापेल केलिनचा हॉल्ट शोधत बसलो. व्रॉनगोख सापडलं, आरेनिग सापडलं, मधे लाइन आहे, शेतं आहेत, चॅपल आहे, पण हॉल्ट, म्हणजे छोटा थांबा, नाही. झूम करून करून डोळे दुखायला लागले. मग लक्षात आलं की हॉल्ट सुरू झाला १ डिसेंबर १९३० ला, तो १९०० च्या नकाशात असणार कसा. गावाला रेल्वे शेजारून जाताना अठ्ठेचाळीस वर्षं नुसती दिसत होती, थांबायला लागली १९३० मधे. आणि गेली ४ जानेवारी १९६० ला. म्हणजे गावाच्या वाट्याला गाडी आली ती जेमतेम एकोणतीस वर्षं.

हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, हॉल्ट म्हणजे स्टेशन नव्हे, तिथे मास्तर नसतो, तिकीट गार्ड देतो, पण लोकांसाठी स्टेशन तेच. नकाशावर वेगळं चिन्ह दे पण लहान नको काढू.

२२ मार्च, शनिवार

चेस्टरला जुन्या पुस्तकांच्या एका स्टॉलवर १९५० च्या दशकातला एक इंचाला एक मैल असा कापडावर चिकटवलेला घडीचा नकाशा मिळाला, चार पौंडाला. यात हॉल्ट आहे! छोटासा गोल आणि शेजारी बारीक अक्षरं. कोणीतरी पेन्सिलीने आरेनिगच्या डोंगरावर चढायची वाट आखून ठेवलीय, वाट स्टेशनपासून सुरू होते, म्हणजे तो माणूस गाडीने गेला असणार आणि तिथून चढला असणार. घड्यांवर कागद विरलाय, हाताला कापडाची वीण लागते. कॉपीराइट संपलाय, सरकारी नकाशांचा ५० वर्षं झाली की संपतो, म्हणून बिनधास्त वापरता येईल.

६०० डीपीआयला चार तुकड्यांत स्कॅन केला. आडवा ठेवून दाबायचं नाही, काठ फाटतात, एका बाजूने हळूच सरकवत नेला.

३० मार्च, रविवार

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधे जिओरेफरन्सिंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुन्या नकाशावरची एक जागा आणि आजच्या नकाशावरची तीच जागा अशा जोड्या द्यायच्या, पुलाचा कोपरा, चर्च, दोन रस्ते मिळतात ती जागा, अशा वीस-पंचवीस जोड्या झाल्या की सॉफ्टवेअर जुना कागद ताणून-वाकवून आजच्या जमिनीवर बसवतं.

बालाकडून सुरुवात केली, पटापट जोड्या मिळाल्या. व्रॉनगोखला पूल मिळाला. पुढे सरकलो आणि हात थांबला. धरणाच्या जागी जोडी द्यायला काहीच नाही. जुन्या कागदावर सगळं आहे, चॅपल आहे, शाळा आहे, पोस्ट आहे, शेतघरं आहेत, ओढ्यांवरचे पूल आहेत, लाइन आहे, हॉल्ट आहे. आजच्या नकाशावर त्या जागी सपाट निळा रंग. अडीच मैल लांब आणि एक मैल रुंद अशा जागेत एकही पॉइंट नाही जो दोन्हीकडे आहे.

आधी थिन प्लेट स्प्लाइन, म्हणजे कागद जागोजागी हवा तसा वाकवणारी पद्धत, लावून बघितलं तर मधला भाग ताणलेल्या रबरासारखा वाकडा झाला, कारण मधे पकडायला काही नाही. मग साधं पहिल्या डिग्रीचं पॉलिनॉमिअल घेतलं, जे सगळा कागद एकसारखाच ताणतं आणि फिरवतं, आणि सगळ्या जोड्या पाण्याच्या काठाने गोल फिरवून दिल्या: आरेनिगच्या बाजूची शेतघरं, डोंगरांची शिखरं, धरणाच्या खालचा पूल. आता ठीक बसलंय. एक चूक सुधारली, मी सुरुवातीला ए४२१२ रस्त्याचे वळणबिंदू घेत होतो आणि एरर वाढत चालला होता. तो रस्ता जुना नाहीच, १९६० च्या दशकातला आहे, आणि काही ठिकाणी तर जुन्या रेल्वेच्याच भरावावर टाकलाय. म्हणजे मी लाइन शोधायला लाइनवरूनच चाललेल्या रस्त्याला साक्षीदार म्हणून उभं करत होतो.

पाण्याखालचा लाइनचा तुकडा सध्या तुटक रेघेने काढलाय.

५ एप्रिल, शनिवार

आज फक्त व्रॉनगोख. या एवढ्याशा स्टेशनवर किती काय काय उतरलं असेल ते वाचून मी दुपारचं जेवण विसरलो.

पहिली गोष्ट व्हिस्कीची. तिथला जमीनदार रिचर्ड जॉन लॉइड प्राइस, रिवलास इस्टेटचा मालक, हा माणूस नवनव्या कल्पना काढणारा. बालाला १८७३ मधे मेंढपाळ कुत्र्यांची शर्यत भरवली ती यानेच, ब्रिटनमधे तशा शर्यतींची सुरुवात तीच मानतात, आणि गंमत म्हणजे जिंकला एक स्कॉटिश माणूस, टवीड नावाचं कुत्रं घेऊन. नंतर १८८० च्या दशकाच्या शेवटी त्याने व्रॉनगोखला वेल्श व्हिस्कीची डिस्टिलरी काढली. रेल्वे दाराशी होती, पाणी ट्रवेरिनचं होतं. पण धंदा चालला नाही, १९०० मधे विकली गेली आणि १९१० पर्यंत पूर्ण बंद झाली.

मग मोकळ्या पडलेल्या त्या इमारतीचा उपयोग पहिल्या महायुद्धात झाला. आधी जर्मन युद्धकैदी ठेवले. आणि १९१६ मधे ब्रिटिश राजवटीविरुद्धचा डब्लिनचा ईस्टरचा उठाव मोडल्यावर, जर्मनांना हलवून तिथे आयरिश लोक आणले, जून १९१६ पासून, सुमारे १,८०० जण, खटला न चालवता. डिस्टिलरीत साउथ कॅम्प आणि वर लाकडी बराकींचा नॉर्थ कॅम्प. उठावानंतर त्यांना आधी इंग्लंड-स्कॉटलंडच्या वेगवेगळ्या तुरुंगांत पाठवलं होतं, तिथून गाड्या भरभरून या डोंगरातल्या स्टेशनवर उतरवले. पुढे आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता झालेला मायकल कॉलिन्स त्यात होता, २५ वर्षांचा. त्याच लढ्यातला पुढचा सेनाप्रमुख रिचर्ड मल्काही होता. देशभरातून जे एकमेकांना कधी भेटले नसते असे लोक सरकारने स्वतःच्या खर्चाने एका ठिकाणी जमवले, आणि त्यांनी तिथे वर्ग चालवले, आयरिश भाषा शिकवली, लष्करी डावपेचांची चर्चा केली, मैदानावर फुटबॉल खेळले आणि त्या मैदानाला डब्लिनच्या क्रोक पार्कचं नाव दिलं. पुढे त्या कॅम्पला लोक क्रांतीचं विद्यापीठच म्हणायला लागले. डिस्टिलरीत उंदीर फार, आणि आयरिशमधे उंदराला फ्रँकाख म्हणतात, तेव्हा गावाच्या नावावरून काय कोट्या झाल्या असतील त्याची कल्पना येते.

डिसेंबर १९१६ मधे, ख्रिसमसच्या तोंडावर, उरलेल्या सगळ्यांना सोडलं. त्याच स्टेशनवरून परत गेले. पाच वर्षांनी कॉलिन्स लंडनमधे ब्रिटिश सरकारबरोबरच्या आयर्लंडच्या करारावर सही करायला बसला होता.

नकाशावर व्रॉनगोखच्या टिपेला सगळ्यात जास्त जागा द्यावी लागणार.

१९ एप्रिल, शनिवार

ईस्टरची सुट्टी, पहाटे निघालो, मी आणि बायको. बालाला कॉफी घेतली आणि व्रॉनगोखला पोचलो. गावात शिरताना मुद्दाम गाडी हळू केली.

स्टेशनची इमारत आहे! दगडी, पाटीच्या छपराची, आता कोणाचं तरी घर आहे. बाहेर कपडे वाळत होते. रस्त्यावरूनच बघितली, फोटो काढला नाही, लोक राहतात तिथे. बाबांना सांगायचं म्हणून नजरेने मोजत होतो, इथे फलाट असेल, इथून लाइन वळली असेल, ती समोरची गवताची सपाट पट्टी म्हणजे भराव असणार, कारण डोंगराळ भागात एवढी सपाट जागा आपोआप होत नाही. बायको म्हणाली, "तुला सगळीकडे रूळच दिसतात." दिसतात खरे, लहानपणापासून क्वार्टरच्या खिडकीतून तेच बघितलंय.

डिस्टिलरीच्या जागी आता गावची प्राथमिक शाळा आहे. रस्त्याच्या कडेला आयरिश कैद्यांच्या आठवणीची पाटी आहे, आयरिश, वेल्श आणि इंग्रजी अशा तीन भाषांत, २००२ मधे लावलेली. खाली कोणीतरी ताजी पिवळी डॅफोडिल्स ठेवली होती, एका रबरबँडमधे बांधलेली.

तिथून थोडं वर राफ्टिंगचं सेंटर आहे, नदीवर. धरणातून पाणी सोडतात तेव्हा ट्रवेरिन खळाळते आणि लोक हेल्मेट घालून रबरी होड्यांतून खाली येतात. भर उन्हाळ्यात आजूबाजूच्या नद्यांना पाणी नसलं तरी या नदीला असतं. पाण्याचा आवाज एवढा की बोलायला ओरडावं लागत होतं. मुलं मजा करत होती, चांगली जागा आहे, मी काही वाईट म्हणत नाही. पण त्या आवाजाशेजारी उभं राहून मला कळलं की मी बर्कनहेडला जे पितो ते इथून असं निघतं.

मग धरण. मातीचा भराव, त्यावर गवत, मेंढ्या चरतात, दुरून बघितलं तर टेकडीच वाटेल. पाणी शांत, काळपट निळं. उत्तरेच्या काठाला एक छोटं स्मारक चॅपल आहे, जुन्या कबरींचे दगड तिथल्या बागेत आणून ठेवलेत. आम्ही आत न जाता बाहेर उभे राहिलो, वारा फार होता. मोबाइलवर माझा अर्धवट नकाशा उघडला आणि निळा ठिपका, म्हणजे मी, काठावर, आणि माझ्यासमोर पाण्यात तुटक काळी रेघ. हॉल्ट तिथेच कुठेतरी, खाली.

दुष्काळात पाणी फार उतरलं की भिंती आणि पुलाचे अवशेष वर येतात, लोक बघायला येतात. आज भरपूर पाणी होतं.

४ मे, रविवार

लाइन बंद का झाली, यावर टीप लिहायला चार प्रयत्न लागले.

पहिली चुकीची समजूत: बीचिंगने बंद केली. बीचिंग म्हणजे ब्रिटिश रेल्वेचा तेव्हाचा अध्यक्ष, ज्याच्या रिपोर्टनंतर खूप छोट्या लाइनी बंद झाल्या. ब्रिटनमधली कुठलीही छोटी लाइन बंद झाली की लोक बीचिंगचं नाव घेतात. त्याचा रिपोर्ट मार्च १९६३ चा. ही लाइन प्रवाशांसाठी ४ जानेवारी १९६० ला बंद झाली, सोमवार होता, म्हणजे शेवटची गाडी शनिवारी २ जानेवारीला गेली. मालगाड्या आणखी एक वर्ष चालल्या, जानेवारी १९६१ पर्यंत. बीचिंगच्या काळात गेली ती बालावरून जाणारी मोठी लाइन, रुआबोन ते बारमथ, जानेवारी १९६५ मधे, आणि तेव्हा बालाचं स्टेशनही गेलं.

दुसरी अर्धवट समजूत: तोट्यात होती म्हणून गेली. तोट्यात होती हे खरं, ते लपवायचं कारण नाही. पण कारण पाण्याचं होतं. लिव्हरपूल महापालिकेला पाणी हवं होतं, त्यांनी ट्रवेरिनचं खोरं निवडलं, आणि स्थानिक नियोजनाच्या परवानग्या मागत बसण्याऐवजी सरळ पार्लमेंटमधून कायदा करून घेतला. १ ऑगस्ट १९५७ ला तो मंजूर झाला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी बहुतेकांचा विरोध होता. वेल्सच्या खासदारांचं एकही मत बाजूने नाही, तरी कायदा झाला. त्याआधी नोव्हेंबर १९५६ मधे कापेल केलिनचे लोक लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून फलक घेऊन चालले होते, वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे (प्लाइड कम्री) नेते ग्विन्वोर एवन्स बरोबर होते. मी ज्या रस्त्यांवर शनिवारी भाजी आणायला जातो ते हेच रस्ते.

लाइन धरणाच्या वरून वळवून नेता आली असती. पण प्रवासी नाहीत, माल थोडा, एवढा खर्च परवडणार नाही असं रेल्वेने ठरवलं आणि बंद करून टाकली. मी टिपेत असं लिहिलंय: लाइन अशक्त होती, पण ती मेली ती धरणामुळे. बाबांना वाचून दाखवलं, म्हणाले अशक्त माणसाला धक्का दिला तर पडल्याचा दोष अशक्तपणाला देत नाहीत. हे वाक्य टिपेत घेतलं नाही, पण इथे ठेवतोय.

१० मे, शनिवार

नावांचा दिवस. मराठीत कसं लिहायचं हा मोठा प्रश्न, कारण इंग्रजी स्पेलिंग वाचून लिहिलं तर सगळंच चुकतं. ऑफिसमधली एक सहकारी बालाकडची, घरी वेल्शच बोलतात. लंच टाइममधे तिने एकेक नाव म्हटलं आणि मी देवनागरीत टिपून घेतलं. वेल्शमधे एक एफ म्हणजे व, दोन एफ म्हणजे फ. म्हणून फ्रॉनगोख नाही, व्रॉनगोख. शेवटचा ख आपल्या ख सारखा नाही, घशातून घासून येतो, उर्दूतल्या खबरसारखा, नुक्ता द्यायचा का यावर बराच विचार केला आणि नाही दिला, मराठी वाचणाऱ्याला साधं वाचता आलं पाहिजे. व्रॉन म्हणजे टेकडीची उतरती बाजू, गोख म्हणजे लाल. लाल उताराचं गाव. केलिन म्हणजे हॉली, ख्रिसमसला लावतात ते काटेरी पानांचं झाड.

मग तिला विचारलं की वेल्समधे भिंतींवर, गाड्यांच्या मागे सगळीकडे "कोव्यूख ड्रवेरिन" लिहिलेलं दिसतं, म्हणजे ट्रवेरिनची आठवण ठेवा, तर तिथे ट चा ड का होतो. ती म्हणाली वेल्शमधे शब्द वाक्यात कुठे बसतो त्यावरून त्याचं पहिलं अक्षर बदलतं. मी म्हटलं आमच्याकडे शेवट बदलतो, घर पण घरात, नदी पण नदीला, रस्ता पण रस्त्यावर. ती खूश झाली. म्हणाली लहान असताना आजी ते वाक्य म्हणायची तेव्हा तिला वाटायचं की ट्रवेरिन आणि ड्रवेरिन अशा दोन जागा आहेत, एक नदी आणि एक हरवलेली.

त्या घोषणेची पहिली भिंत समुद्राकाठी लानरस्टिडजवळ आहे, १९६० च्या दशकातली, एका पडक्या घराची. ती माझ्या नकाशाच्या बाहेर पडते.

२५ मे, रविवार

धरणाच्या तारखा भरल्या. शाळा जुलै १९६३ ला बंद झाली. चॅपलमधली शेवटची प्रार्थना २८ सप्टेंबर १९६३. फेब्रुवारी १९६३ मधे तिघा तरुणांनी धरणाच्या कामावरचा ट्रान्सफॉर्मर उडवला होता, काम थांबलं नाही. ६७ माणसांच्या वस्तीतल्या ४८ जणांची घरं गेली. सुमारे ८०० एकर जमीन पाण्याखाली. २१ ऑक्टोबर १९६५ ला उद्घाटन, निदर्शकांनी मायक्रोफोनच्या वायरी तोडल्या आणि समारंभ काही मिनिटांत आटपला. ऑक्टोबर २००५ मधे लिव्हरपूलच्या कौन्सिलने माफी मागितली.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, त्याच वर्षांत आपल्याकडे कोयना. त्यांच्या शाळेतला एक मुलगा वरच्या खोऱ्यातला होता, एक दिवस शाळेत यायचा बंद झाला, कुटुंब कुठेतरी रायगडकडे की सोलापूरकडे हलवलं, पुन्हा भेटला नाही. बाबांना त्याचं आडनाव आठवत होतं, नाव नाही. बराच वेळ आठवत राहिले. ६७ आणि कोयनेचे हजारो, आकड्यांची तुलना होत नाही हे मला कळतं, आणि मी नकाशावर कोयना आणणार नाही, तो वेगळा नकाशा आहे. पण कापेल केलिनच्या लोकांसाठी टिपेत धरणग्रस्त हाच शब्द वापरायचा हे आज ठरलं. आधी विस्थापित लिहिलं होतं. धरणग्रस्त म्हटलं की मराठी वाचणाऱ्याला पुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

७ जून, शनिवार

लाइनच्या दुसऱ्या टोकाचं थोडक्यात. ट्राउसवनिधला अणुवीज केंद्र बांधायला १९५९ मधे घेतलं, त्याला रेल्वे लागणार होती, आणि बालाकडची बाजू तर तुटली. मग ब्लायनायमधे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची जी दोन स्टेशनं होती त्यांच्यामधे १९६४ मधे जोड-लाइन टाकली, त्यात लिव्हरपूलचे पैसे होते. वळण-मार्गाऐवजी हे. त्यामुळे पश्चिमेचा तुकडा १९९८ पर्यंत जिवंत राहिला, वापरलेलं अणुइंधन नेणाऱ्या गाड्यांसाठी. प्रवाशांसाठी नाही.

रंग तीन ठरवले: काळा म्हणजे १९६१ ला संपलेला भाग, करडा म्हणजे १९९८ पर्यंतचा, हिरवा म्हणजे जिथे आजही गाडी येते, ब्लायनायच्या त्या टोकाला.

१५ जून, रविवार

पीडीएफ बाबांना पाठवला, त्यांनी भाच्याकडून प्रिंट काढून घेतला, ए३ वर, आणि चष्मा लावून बसले. व्हिडिओ कॉलवर बोटाने दाखवत होते. पहिली सूचना, मैलांच्या शेजारी किलोमीटर दे. बरोबर आहे, दिले. दुसरी, व्रॉनगोखच्या नावाचं अक्षर बालापेक्षा लहान का, त्या स्टेशनने एवढं सगळं बघितलं. ते पण बदललं.

तिसरी सूचना अशी की पाण्यावरची रेघ तुटक का. मी म्हटलं बाबा नकाशात जे आता नाही ते तुटक दाखवतात. ते म्हणाले, "मग व्रॉनगोखला तरी रूळ कुठे आहेत आता? तिथं सलग काढलीस ना. रूळ नाहीत म्हणून तुटक काढायची तर सगळी लाइन तुटक काढ. आणि लाइन होती म्हणून सलग, तर पाण्यातही होती." मला उत्तर देता आलं नाही कारण ते बरोबर बोलत होते. मी अडीच महिने पाण्याकडे बघून रेघ तोडली होती.

रात्री बसून बदललं. व्रॉनगोख ते आरेनिग एकच सलग रेघ, मधे हॉल्टचं चिन्ह, स्टेशनाएवढंच मोठं पण आतून पोकळ. गडद निळ्यावर काळी रेघ नीट दिसत नव्हती म्हणून निळा दोन शेड फिकट केला. आता काठापासून काठापर्यंत दिसते. मोठा प्रिंट उद्या टाकतो, दोन प्रती, एक कुरियरने साताऱ्याला.